चार मायक्रॉनवरचा बिननावाचा उंचवटा

१० जुलै २०२२ या दिवशी जेम्स वेब अवकाश दुर्बीण सुमारे आठ तास एकाच ताऱ्यावर डोळा लावून होती. तारा कन्या राशीतला, साधारण ७०० प्रकाशवर्षं दूरचा, नुसत्या डोळ्यांना मुळीच न दिसणारा. नाव वास्प-३९. त्या आठ तासांत ताऱ्यासमोरून त्याचाच एक ग्रह, वास्प-३९ बी, सरकत गेला. वेबला तो ग्रह दिसला नाही. तिच्या नोंदीत आलं ते एवढंच, की ताऱ्याचा उजेड सुमारे दोन टक्क्यांनी उतरला आणि पावणेतीन तासांनी पुन्हा पहिल्यासारखा झाला.

त्या दोन टक्क्यांच्या हिशेबातून कळलं, की तिथल्या हवेत कार्बन डायऑक्साइड आहे. दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणाऱ्या ग्रहाच्या, म्हणजे बाह्यग्रहाच्या वातावरणात हा वायू शंकेला जागा न ठेवता सापडण्याची ही पहिलीच वेळ. ऑगस्टमध्ये ती बातमी जगभर गेली. मला मात्र त्याच आलेखातली दुसरी एक गोष्ट जास्त मोलाची वाटते. कार्बन डायऑक्साइडच्या मोठ्या उंचवट्याला लागून, डाव्या अंगाला, चार मायक्रॉन (म्हणजे मिलिमीटरचे चार हजारांश) तरंगलांबीच्या आसपास एक लहानसा उंचवटा होता. तो कशाचा, हे तेव्हा सांगता येत नव्हतं. शोधनिबंधात तो तसाच, बिननावाचा छापला गेला.

त्याला नाव कसं मिळालं, ते सांगायचं आहे. पण त्याआधी तो आलेख वाचायला शिकावं लागेल.

शुक्राचं अधिक्रमण अनेकांना आठवत असेल. ८ जून २००४ आणि ६ जून २०१२, या दोन दिवशी शुक्राचा काळा ठिपका सूर्यबिंबावरून सरकताना आपल्याकडून दिसला होता. शुक्र तेव्हा सूर्याचा जेमतेम हजारावा भाग झाकतो. १७६१ च्या अधिक्रमणात रशियाच्या मिखाईल लोमोनोसोव यांना शुक्र सूर्याच्या कडेवर असताना त्याच्याभोवती प्रकाशाची एक बारीक किनार जाणवली, आणि शुक्राला वातावरण असलं पाहिजे असा निष्कर्ष त्यांनी काढला. बाह्यग्रहांच्या हवेचा अभ्यास म्हणजे त्याच किनारीचा अभ्यास. फरक इतकाच, की इथे किनार दिसत नाही, ठिपका दिसत नाही, सूर्यबिंबासारखी ताऱ्याची थाळीही दिसत नाही. हाती असतो फक्त उजेडाचा एक बिंदू, किंचित मंद होणारा आणि पुन्हा उजळणारा.

आता कल्पना करा. ग्रह ताऱ्यासमोर आला आहे. ताऱ्याचा बहुतेक प्रकाश ग्रहाच्या बाजूने आपल्याकडे येतो. थोडा ग्रहाच्या घट्ट अंगावर अडतो. आणि अगदी थोडा प्रकाश ग्रहाच्या कडेच्या हवेतून गाळून येतो. त्या हवेतला प्रत्येक अणू, प्रत्येक रेणू आपापल्या ठरलेल्या रंगाचा प्रकाश शोषतो. कार्बन डायऑक्साइडचंच घ्या. मधला कार्बन आणि दोन्ही अंगांचे ऑक्सिजन यांच्यात एक ओढाताण सतत चालू असते आणि तिला जुळणारा प्रकाश ४.३ मायक्रॉन तरंगलांबीचा असतो, म्हणजे डोळ्याला न दिसणारा अवरक्त. त्या तरंगलांबीत ग्रहाची हवा अपारदर्शक होते. हवाही प्रकाश अडवू लागली, म्हणून ग्रह थोडा मोठा भासतो आणि ताऱ्याचा उजेड थोडा जास्त उतरतो. शेजारच्याच तरंगलांबीत हवा पारदर्शक असते, तिथे ग्रह लहान भासतो.

सगळी युक्ती एवढीच आहे. प्रत्येक रंगात ग्रह केवढा भासतो, ते मोजायचं. वेबचं नीरस्पेक हे उपकरण ताऱ्याचा प्रकाश शेकडो रंगांत फाकवतं आणि प्रत्येक रंगासाठी अधिक्रमणाचा वेगळा आलेख मिळतो. त्या शेकडो आलेखांतून एकेक आकडा काढून ओळीने मांडला, की तयार होतो ग्रहाच्या हवेचा वर्णपट. त्यातला उंचवटा म्हणजे 'या रंगात ग्रह फुगलेला भासला', आणि फुगवणारा कोण हे उंचवट्याच्या जागेवरून ओळखायचं.

रंगावरून पदार्थ ओळखण्याचा अनुभव आपल्या स्वयंपाकघरातही येतो. आमटी उतू जाऊन गॅसवर पडली, की निळी ज्योत भक्कन पिवळी होते. तो पिवळा रंग मिठातल्या सोडियमचा. जुन्या रस्त्यांवरच्या पिवळ्या दिव्यांतही तेच मूलद्रव्य असतं. आणि बाह्यग्रहाच्या हवेत सापडलेलं पहिलं मूलद्रव्यही सोडियमच. एचडी २०९४५८ बी हा ग्रह ताऱ्यासमोरून जाताना १९९९ मध्ये टिपला गेला. कोणत्याही बाह्यग्रहाचं टिपलेलं ते पहिलं अधिक्रमण. दोन वर्षांनी डेव्हिड शार्बोनो आणि सहकाऱ्यांनी हबल दुर्बिणीच्या निरीक्षणांतून दाखवून दिलं, की सोडियमच्या रंगात उजेड थोडा जास्त उतरतो. किती जास्त? दहा हजारांत सव्वादोन भाग. हबल १९९० मध्ये अवकाशात गेली तेव्हा सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा एकही ग्रह माहीत नव्हता. मिशेल मायोर आणि दिदिए क्वेलो यांनी ५१ पेगासी बी शोधला तो १९९५ मध्ये. म्हणजे ज्या कामाचा हबल बांधताना विचारही झाला नव्हता, ते काम तिने केलं.

इथे थोडं आडवळण घेतो, कारण कोकणाशी याचा खरा धागा आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाची सावली विजयदुर्गावरून पुढे देशभर सरकत गेली. किल्ल्यात आजही 'साहेबाचे कट्टे' दाखवतात आणि ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी तिथे उभं राहून हेलियम शोधला असं सांगतात. ही आठवण लोकांनी जपली याचा मला आनंद आहे, पण नोंदी वेगळं सांगतात. त्या ग्रहणात फ्रान्सचे ज्यूल जान्सेन गुंटूरला होते. लॉकियर यांनी सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा पाहिली ती त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, इंग्लंडमधून, ग्रहण नसताना. रेषा सोडियमच्या अगदी शेजारची, पण सोडियमची नव्हे. पृथ्वीवर माहीत असलेल्या कुठल्याच मूलद्रव्याशी ती जुळेना, म्हणून सूर्याच्या ग्रीक नावावरून तिच्या मूलद्रव्याला हेलियम म्हटलं गेलं. पृथ्वीवर हेलियम हाती लागायला १८९५ उजाडलं. आणि त्या ग्रहणाला बरोबर १५० वर्षं झाली तेव्हा, २०१८ मध्ये, जेसिका स्पेक आणि सहकाऱ्यांना हबलच्या मदतीने वास्प-१०७ बी या ग्रहाच्या हवेत हेलियम सापडला. तोही ग्रह ताऱ्यासमोर आला असताना, एका छोट्याशा ग्रहणातच. अनोळखी रेषा आधी दिसते, नाव नंतर मिळतं. वास्प-३९ बीच्या उंचवट्याचंही असंच झालं.

अशा कामासाठी ताऱ्याला चिकटून फिरणारे तापलेले महाग्रहच का निवडतात? उत्तर त्यांच्या हवेच्या जाडीत आहे. पृथ्वीवर साधारण साडेआठ किलोमीटर वर गेलं, की हवेचा दाब पावणेतीनपट कमी होतो. वास्प-३९ बीवर तेवढाच दाब उतरायला सुमारे हजार किलोमीटर वर जावं लागेल. हवा तापलेली, जवळजवळ ९०० अंश सेल्सिअस. मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियमची, म्हणून हलकी. आणि गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या निम्म्याहून कमी, कारण वस्तुमान शनीएवढं असून हा ग्रह गुरूपेक्षाही आकाराने मोठा आहे. गरम तेलात पुरी टम्म फुगावी तसा. ही जाडी हजार किलोमीटर असल्यामुळेच उजेडाच्या दोन टक्के घटीत हवेमुळे एक दशांश टक्क्याच्या आसपास चढउतार होतो आणि तो मोजता येतो. सूर्यासमोरून जाणारी पृथ्वी कोणी दुरून पाहिली, तर आपल्या हवेच्या तितक्याच थराने पडणारा फरक कोटीत दोन भागांचा असेल. मोठ्या ग्रहांवर हात बसल्याशिवाय पृथ्वीसारख्यांच्या वाट्याला जाता येत नाही, त्याचं कारण हे.

दुर्बीण अवकाशात का हवी, हेही यातच आलं. जे वायू तिथे शोधायचे, तेच आपल्या डोक्यावरही आहेत. आपल्याच हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड अवरक्त प्रकाशाचे मोठे पट्टे खाऊन टाकतात, शिवाय हवेच्या हालचालीने तारा लुकलुकतो. दशांश टक्क्याच्या मागे लागलेल्याला ते लुकलुकणं परवडत नाही. हबल हवेच्या वर होती, पण या कामातल्या तिच्या मुख्य कॅमेऱ्याची नजर १.७ मायक्रॉनपर्यंतच पोचायची. तिथवर वाफ दिसते, कार्बनचे वायू फारसे दिसत नाहीत. स्पिट्झर दुर्बिणीने अवरक्तात मोठं काम केलं, पण तिच्याकडे बहुतेक मोजमापांसाठी रंगांचे दोन-चार जाड पट्टेच होते. २५ डिसेंबर २०२१ रोजी उडालेली वेब पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर, सूर्याकडे पाठ करून, पाच पदरी सावलीपडद्याआड गारठलेली असते. साडेसहा मीटरचा आरसा, आणि नजर ०.६ पासून २८ मायक्रॉनपर्यंत.

आता वास्प-३९ बीकडे परत. तो २०११ मध्ये सापडला. वास्प ही ब्रिटिश प्रकल्पाची मोहीम, साध्या छायाचित्रणाच्या भिंगांनी एकाच वेळी हजारो ताऱ्यांवर नजर ठेवणारी. ग्रहाचं वर्ष चार दिवसांचं. ताऱ्यापासूनचं अंतर बुध आणि सूर्य यांच्यातल्या अंतराच्या आठव्या भागाएवढं. हॅना वेकफर्ड आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये तिथे भरपूर वाफ असल्याचं दाखवलं होतं आणि वाफेचा उंचवटा स्वच्छ दिसतो, म्हणजे ढगांनी सगळं झाकलेलं नाही, हेही कळलं होतं. हे महत्त्वाचं. वरच्या थरात दाट ढग असले, की सगळ्याच रंगांत ग्रह सारखाच भासतो, वर्णपट सपाट होतो आणि रात्रभरच्या निरीक्षणातून हाती काहीच लागत नाही.

म्हणून वेबच्या पहिल्या काही लक्ष्यांत वास्प-३९ बीची निवड झाली. नॅटली बटाल्या यांच्या नेतृत्वाखाली तीनशेहून अधिक शास्त्रज्ञांचा गट कामाला लागला. निरीक्षणं सर्वांसाठी ताबडतोब खुली होती. मला या गटाची एक पद्धत फार आवडते. एकाच कच्च्या नोंदीवर चार वेगवेगळ्या चमूंनी चार वेगवेगळ्या संगणक प्रणालींनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे काम केलं आणि मग निकाल शेजारी ठेवून पाहिले. चारही आलेखांत ४.३ मायक्रॉनवर तोच डोंगर. सिग्मा हे निकाल निव्वळ योगायोग नसल्याच्या खात्रीचं माप; शास्त्रज्ञ एरवी पाच सिग्माची खात्री झाली की शोध मानतात. इथे ती २६ होती.

आणि चारही आलेखांत, डोंगराच्या डाव्या उतारावर, तो लहान उंचवटाही होता. एकाच चमूला दिसला असता तर हिशेबातली चूक म्हणून सोडून देता आला असता. आता ती वाट बंद होती.

मग सुरू झाली ओळखपरेड. चार मायक्रॉनच्या आसपास कोणकोणते रेणू प्रकाश शोषतात याच्या याद्या प्रयोगशाळांतल्या मोजमापांतून आणि गणितातून तयार असतात. त्या आलेखावर एकेक करून ठेवून पाहिल्या. ४.०५ मायक्रॉनला नेमका बसला सल्फर डायऑक्साइड. गंधक जळताना जो वायू होतो आणि फटाक्यांच्या धुराला जो घशात बसणारा वास देतो, तो.

पण जुळलं म्हणून प्रश्न सुटला नाही, उलट वाढला. कारण हा वायू तिथे असायलाच नको होता. एवढ्या तापमानाची, हायड्रोजनने भरलेली हवा एखाद्या बंद भांड्यात शांतपणे ठेवली, तर त्यातला बहुतेक सगळा गंधक हायड्रोजनला धरून राहतो. हायड्रोजन सल्फाइड बनतो, सडक्या अंड्याच्या वासाचा. सल्फर डायऑक्साइड नगण्यच. मग भांड्यात बाहेरून काय शिरत होतं?

ताऱ्याचा अतिनील प्रकाश. शांग-मिन त्साय आणि सहकाऱ्यांनी संगणकावर ती साखळी मांडून दाखवली. तारा इतका जवळ, की त्याचे अतिनील किरण हवेच्या वरच्या थरातली वाफ फोडतात. पाण्याच्या रेणूचे हायड्रोजन आणि हायड्रॉक्सिल असे दोन तुकडे होतात. सुटा झालेला हायड्रोजन हायड्रोजन सल्फाइडवर धाड घालतो आणि त्यातला गंधक मोकळा करतो. मोकळा गंधक हायड्रॉक्सिलकडून आधी एक ऑक्सिजन घेतो, मग दुसरा. सल्फर डायऑक्साइड तयार. लागणारं प्रमाण दहा लाखांत काही भाग एवढंच, आणि गणितातून आलेलं प्रमाण आलेखाशी जुळलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये निष्कर्ष जाहीर झाला. सूर्यप्रकाशाने हवेत रसायनं घडतात हे आपल्याला नवं नाही. आपल्या डोक्यावरचा ओझोनचा थर तसाच तयार होतो. पण परक्या ताऱ्याचा प्रकाश परक्या ग्रहाच्या हवेत रसायन घडवतो आहे, याचा इतका ठोस पुरावा आधी मिळाला नव्हता. आणि तो मिळाला एका अनोळखी उंचवट्यातून, जो काढून टाकायचं कोणाच्या मनात आलं नाही.

एक पडताळणी उरली होती. सल्फर डायऑक्साइड फक्त ४.०५ मायक्रॉनचा प्रकाश खाऊन थांबत नाही. त्याच्या खुणा ७.७ आणि ८.५ मायक्रॉनलाही असायला हव्यात. वेबच्या मिरी या उपकरणाने तिथे पाहिलं आणि डायना पॉवेल आणि सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये दोन्ही खुणा दाखवल्या.

हा सगळा आटापिटा एका वायूचं नाव शोधायला नव्हता. सल्फर डायऑक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड एवढ्या प्रमाणात होण्यासाठी हवेत हायड्रोजन-हेलियमपेक्षा जड मूलद्रव्यं सूर्याच्या मानाने जवळपास दहापट असावी लागतात. आपल्या शनीतही कार्बनचं प्रमाण असंच वाढलेलं आहे. त्यातून ग्रहाच्या बालपणाचा माग लागतो. घडत असताना त्याने बर्फ आणि खडक भरपूर गिळले असावेत. आज तो जिथे भाजून निघतो आहे, तिथे बर्फ टिकणं शक्यच नाही. म्हणजे जन्म दूर, थंडीत, आणि नंतर ताऱ्याकडे सरकणं, हाच अंदाज बळावतो.

या ग्रहाबद्दलची मला सगळ्यात विलक्षण वाटणारी गोष्ट अजून सांगायची आहे. वास्प-३९ बीची एकच बाजू सतत ताऱ्याकडे असते, जशी चंद्राची आपल्याकडे. तिथे दिवस सरत नाही, रात्र संपत नाही, आणि मधल्या दोन कडांपैकी एकीवर कायमची सकाळ असते, दुसरीवर कायमची संध्याकाळ. अधिक्रमणात आपण पाहतो ती किनार नेमकी याच दोन कडांची बनलेली असते. नेस्टर एस्पिनोझा आणि सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये दोन्ही कडा हिशेबाने वेगळ्या केल्या. युक्ती अशी, की ग्रह ताऱ्यासमोर येताना एक कड आधी शिरते आणि बाहेर पडताना आधी निघते. उजेड उतरण्याच्या आणि चढण्याच्या त्या मिनिटांत दोन्ही कडांचा वाटा सारखा नसतो. निघालं ते असं : संध्याकाळची कड सुमारे ८०० अंश, सकाळची सुमारे ६००. दिवसाकडून वाहणारा वारा तापलेला असतानाच संध्याकाळच्या कडेवर पोचतो, तोच वारा सगळी रात्र पार करून गारठून सकाळच्या कडेवर येतो. सातशे प्रकाशवर्षांवरच्या एका न दिसणाऱ्या ग्रहावर वारा कोणत्या दिशेने वाहतो, ते आपल्याला कळलं आहे.

अधिक्रमण हा एकच मार्ग नाही. ग्रह ताऱ्यामागे जातो तेव्हा एकूण उजेडातून ग्रहाचा स्वतःचा वाटा वजा होतो, म्हणून त्या वेळची घट म्हणजे ग्रहाची उष्णता. स्पिट्झरने २००५ मध्ये ती प्रथम मोजली आणि २००७ मध्ये हेदर नटसन आणि सहकाऱ्यांनी एचडी १८९७३३ बी या ग्रहाचा उष्णतेचा ढोबळ नकाशाही काढला. सर्वांत तापलेली जागा ताऱ्याच्या बरोबर समोर नव्हती, पूर्वेकडे सरकलेली होती. तेही वाऱ्याचंच काम. ताऱ्यापासून फार दूर असलेल्या तरुण, स्वतःच्याच उष्णतेने झगमगणाऱ्या महाग्रहांची तर थेट छायाचित्रं घेता येतात. एचआर ८७९९ या ताऱ्याभोवतीचे चार महाग्रह त्यांतले. वेबने त्यांच्याकडून थेट येणाऱ्या प्रकाशातही कार्बन डायऑक्साइड टिपला, ते २०२५ मध्ये जाहीर झालं.

आणि तो पहिला सोडियम? एचडी २०९४५८ बीवरचा शोध २०२० मध्ये पुन्हा वादात आला. जमिनीवरच्या दुर्बिणींनी अतिशय बारकाईने पाहिलं तेव्हा दिसलं, की ताऱ्याच्या स्वतःच्या हवेतही सोडियम आहे आणि तारा स्वतःभोवती फिरतो आहे. ग्रह आधी ताऱ्याची आपल्याकडे येणारी बाजू झाकतो, मग दूर जाणारी. त्यामुळे ताऱ्याच्याच सोडियम रेषेचा आकार बदलतो आणि ग्रहाच्या हवेत सोडियम असल्याचा भास होऊ शकतो. हबलची जुनी निरीक्षणं आणि ही नवी निरीक्षणं यांचा मेळ कसा घालायचा, यावर त्यानंतर नवे शोधनिबंध निघाले. ज्या नोंदीपासून या विषयाला सुरुवात झाली, ती नोंद वीस वर्षांनी पुन्हा उघडून तपासली गेली.